हिरव्या ठिगळाची ओढणी

"चेहरा दिसतोय का तुम्हाला? मला तर नुसतं कापड दिसतंय," सरदेशमुख फोनवर म्हणाले.

"त्या कापडाबद्दलच बोलतेय मी. तो फोटो छापायला जाऊ देऊ नका."

"अहो मॅडम, पान लागलंय."

पान लागलं, म्हणजे पुरवणीचं पान जुळवून झालं, आता ते छपाईला जाणार. आमच्या धंद्यात समोरच्याचं तोंड बंद करायला हे वाक्य वापरतात. मी दुर्गापुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या जिन्यात उभी होते, कारण मोबाइलला रेंज तिथेच यायची. खाली शेखावत आंटी, म्हणजे आमच्या घरमालकीण, कान देऊन ऐकत होत्या. मराठी कळत नसलं तरी भांडण कळत होतं.

मी फ्रीलान्स फीचर लिहिते. म्हणजे नोकरी नाही, टेबल नाही, ओळखपत्र नाही. विषय आपण शोधायचा, पायपीट आपण करायची आणि शीर्षक मुंबईत बसलेल्या माणसाने बदलायचं. नवरा रेल्वेत, त्याच्या बदलीबरोबर मी भुसावळहून जयपूरला आले. सरदेशमुख एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीचे संपादक. त्यांना राजस्थान हवं असायचं, पण रंगीत. उंट, पगड्या, कठपुतळ्या. ओढण्यांना गोटा, म्हणजे जरीची किनार, लावणाऱ्या बायकांवर मी त्यांना एक लेख दिला होता. तो त्यांना फार आवडला. त्या लेखाच्या निमित्ताने केसर भेटली.

केसर आमेरच्या पुढच्या एका गावातली. शिवलेला माल द्यायला ती शहरात यायची. एकदा ती पत्ता विचारत थेट माझ्या घरी आली. घरात पुरुष नाही हे पाहून तिने घुंघट वर केला आणि पाणी पिण्याआधीच बोलायला लागली.

तिचा सासरा हिवाळ्यात वारला होता. आता त्याचं मोसर करायचं ठरलं होतं. मोसर, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने घातलेलं गावजेवण. कायद्याने बंदी आहे, पण पंगती उठतातच. आणि आचारी, मांडव, पाहुणे सगळं आलेलंच असतं, तर त्यातच घरातल्या लहान मुलींची लग्नंही उरकून घेतात. मुलगी मोठी झाली की सासरी पाठवायची. केसरची मुलगी मैना चौथीत होती.

"पुलिस में बोलूँ तो पूछेंगे, किसने बताया," केसर म्हणाली. "आप लिख दो, बाईसा. बस मेरा नाम मत आने देना."

इथे आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. सरकारी अधिकाऱ्याकडे नुसतं तोंडी सांगायला गेलं की तो चहा पाजून परत पाठवतो. तेच छापून आलेलं कात्रण टेबलावर ठेवलं, आणि तेही बाहेरच्या राज्यातल्या पेपरचं, की त्याला खुर्ची टोचायला लागते. मी असं आधी करून पाहिलं होतं. लेखात गावाचं नाव द्यायचं नाही, ते अधिकाऱ्याला कानात सांगायचं. केसरला हे पटलं.

सरदेशमुखांनी फोटोशिवाय लेख घ्यायला नकार दिला आणि त्यांच्या जयपूरच्या ऑफिसातला फोटोग्राफर माझ्याकडे पाठवला. केसरने त्याला आधी विचारलं, "कहाँ छपेगा?"

"मुंबई में. मराठी में," मी सांगितलं.

"तो खींच लो." तिने घुंघट छातीपर्यंत ओढला आणि आमच्या गॅलरीत उभी राहिली. फोटोग्राफरने फोटो परस्पर मुंबईला पाठवला आणि एक प्रिंट मला आणून दिली.

ती प्रिंट टेबलावर पडली होती. शेखावत आंटी लोणचं द्यायला वर आल्या. त्यांनी जाता जाता फोटोकडे पाहिलं.

"अरे, ये तो वही है ना, जो उस दिन आपके यहाँ आई थी?"

"चेहरा तो दिख ही नहीं रहा, आंटी," मी म्हटलं.

"चेहरा देखता कौन है? मैंने तो सीढ़ी पर घूँघट में ही देखा था." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. कत्थई ओढणी, काठाला बारीक गोटा, आणि खांद्यापाशी जळलेल्या जागी लावलेलं हिरवं ठिगळ. "हमारे गाँव में तो सब ऐसे ही पहचानते हैं. ओढ़नी से, चाल से, पाँव से."

तर त्यासाठी मी जिन्यात उभी राहून भांडत होते. शेवटी मी म्हटलं, "फोटो छापणार असाल तर माझा लेख काढून टाका, आणि यापुढे माझ्याकडे काही मागू नका." सरदेशमुख वैतागले, पण त्यांनी ऐकलं. फोटोच्या जागी त्यांनी एका जाळीदार खिडकीचं चित्र टाकलं. मला हायसं वाटलं. मी आंटींना आल्याचा चहा करून पाजला.

रविवारी सकाळी आंटीच वर आल्या. हातात पेपर होता, हिंदी. आमच्या मराठी दैनिकाच्या मालकांचाच, जयपूरहून निघणारा. सगळ्या आवृत्त्यांचा मजकूर एकाच कॉम्प्युटरवर साठायचा. जयपूरच्या कुणीतरी पाहिलं असणार, अरे, हा तर आपल्याकडचा विषय. लेखाचं भाषांतर केलं, आणि मुंबईने नाकारलेला फोटो तिथेच पडला होता, तोही उचलला. चांगला अर्ध्या पानाएवढा. रंगीत. खाली लिहिलं होतं, 'महिला की पहचान छिपाई गई है.'

मी सरदेशमुखांना फोन केला.

"अहो, ते डेस्क वेगळं," ते म्हणाले. "आम्ही आमच्या पानावरून काढला होता की."

"कॉम्प्युटरवरून का नाही काढला?"

"तसं कुणी काढत नाही, मॅडम."

इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. शिव्या द्यायच्या होत्या, पण भाषा सभ्य ठेवायची सवय लागलेली. मी फोन ठेवला आणि रडले.

दुसऱ्या दिवशी कात्रण घेऊन अधिकाऱ्याकडे गेले. त्याने खरोखरच लगेच जीप पाठवली. जीप रिकामी परत आली.

"न तंबू, न हलवाई. मोसर तो उन्होंने आगे सरका दिया," तो म्हणाला. "और शादी? कैसी शादी, मैडम?"

मग मीच गेले. गोट्याच्या कामाची चौकशी करायला आले आहे, असं दारातल्या म्हातारीला सांगितलं. अंगणात बायका घुंघट घेऊन ओळीने शिवत बसल्या होत्या. त्यात मला हिरवं ठिगळ दिसलं. जीव भांड्यात पडला. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "केसर, ठीक हो ना?"

घुंघटाआडून वेगळाच आवाज आला. "मैं उसकी देवरानी हूँ. केसर तो पीहर गई." पीहर, म्हणजे माहेर.

"कब आएगी?"

"अब नहीं आएगी."

"और ये ओढ़नी?"

सुई थांबली नाही. "उसी की है. सासूजी ने उतरवा ली. बोलीं, अखबार में बहुत दिखा ली."

तेवढ्यात मैना पाणी घेऊन आली. हातांना कोपरापर्यंत मेंदी, मनगटात नवा चुडा, तिला सैल होणारा. मांडव दुसऱ्याच गावात घातला होता, हे न विचारता कळलं. आई आमच्याकडे येऊन गेली हे तिला ठाऊक असावं. पेला देताना ती वाकली आणि तिने विचारलं, "मम्मी आपके घर पर है?"

मी नाही म्हणाले. तिने माझ्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं, मग रिकामा पेला घेऊन आत गेली.

पुढच्या आठवड्यात सरदेशमुखांचा फोन आला. लेखाला फार छान प्रतिसाद आला होता. वाचकांना पुढे काय झालं ते हवं होतं. "आणि या वेळी जरा जवळून फोटो घ्या," ते म्हणाले. मी तो लेख दिला नाही. केसरचं माहेर कुठे आहे ते मला माहीत आहे, मी तिथे जाऊनही आले. ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही.

अजूनही मी फीचरच लिहिते. फोटोग्राफर बरोबर नेत नाही. कुणाची ओळख लपवायची असेल तर आधी विचारते, तुमच्या गावात माणूस कशावरून ओळखतात? या लेखातली सगळी नावं अर्थातच बदललेली आहेत. या वेळी ओढणीही बदलली आहे.