डाव्या चाकाचा हिरवा दिवा

आमच्या घरात भांडणाचे विषय दोनच होते, तेल आणि वीज. नवरा डोंबिवलीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करायचा आणि मी माजिवड्याजवळच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करायचे. जगातला कुठलाही बिघाड ह्यांच्या मते विजेचा असायचा आणि माझ्या मते तेलाचा. अशी दोन माणसं मिळून विमान बांधायला निघाली, तर आणखी काय होणार?

हो, विमानच. परदेशातून टपालाने आलेल्या नकाशांवरून, शीळफाट्याजवळच्या एका भाड्याच्या शेडमध्ये, आम्ही ते आठ वर्षं बांधत होतो. आमच्या वयाचे लोक ब्लॉक बुक करत होते आणि आम्ही पंखांचं प्लायवूड शोधत होतो. नातेवाईक आधी हसले, मग त्यांनी कीव केली, शेवटी त्यांना सवय झाली. लग्नकार्यात भेटले की "काय, यंदा उडणार का?" एवढंच विचारायचे आणि जिलेबीकडे वळायचे.

चाकं कायम खाली लटकत ठेवली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण ह्यांना चाकं पोटात घेणारं विमान हवं होतं. बटण दाबलं की बॅटरीवर एक छोटी मोटर चालायची, ती तेलाला दाब द्यायची आणि त्या दाबाने चाकं वर जायची किंवा खाली यायची. खाली आलेल्या चाकावर एक पोलादी आकडा बसायचा. आकडा पुरता बसला की त्याच्याजवळचा स्विच दाबला जायचा आणि समोर हिरवा दिवा लागायचा. तीन चाकांचे तीन दिवे. तीनही लागले म्हणजे चाकं पक्की, आता खुशाल जमिनीवर उतरा.

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका वर्षी, दसरा झाला आणि डाव्या चाकाचा दिवा रुसला. चाक खाली यायचं, डोळ्यांना अगदी सरळ दिसायचं, पण दिवा काही लागायचा नाही. मोटर बिचारी दिव्याची वाट बघत फ्यूज उडेपर्यंत चालत राहायची. तीन आठवड्यांनी विमान खात्याचे साहेब चाकांची चाचणी घ्यायला येणार होते. ते पुन्हा कधी येतील याचा नेम नव्हता आणि शेडच्या मालकाला दिवाळीनंतर जागा रिकामी हवी होती. पास झालो तर विमान ट्रकवर चढवून धावपट्टीवर न्यायचं, नापास झालो तर भंगारवाल्याला बोलवायचं. मधला रस्ता नव्हता.

"स्विच गेलाय," हे म्हणाले.

"स्विच मी लावलाय. तो जात नाही," मी म्हणाले. "तुमच्या सिलिंडरमध्ये हवा शिरलीय. चाक पूर्ण खाली येतच नाही."

"अगं, तेल कधी खोटं बोलत नाही."

"अहो, आणि वायर बोलते का?"

विमान लोखंडी घोड्यांवर चढवलेलं होतं आणि त्याच्याखाली आम्ही दोघं उताणे पडून हे असे संवाद करत होतो. ह्यांनी तेल काढलं, गाळलं, पुन्हा भरलं, पाइपांतली हवा काढली, सील बदलले. मी स्विच बदलला, वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत नवी ओढली. स्विच बोटाने दाबला की दिवा लख्ख लागायचा आणि मी ह्यांच्याकडे विजयी मुद्रेने बघायचे. दाब मोजायचा काटा बरोबर जागी उभा राहायचा आणि हे माझ्याकडे बघायचे. दोघांचं सगळं निरोगी आणि आजार जागच्या जागी.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी हे हात पुसत म्हणाले, "उद्यापुरतं डायरेक्ट करून दे ना."

आमच्या पट्ट्यात या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. स्विच त्रास देतोय? त्याच्या दोन्ही टोकांना वायरचा तुकडा जोडा आणि विसरून जा. मग चाक अडको न अडको, दिवा लागणारच. यासाठी मी कारखान्यात कितीतरी ऑपरेटरांना फैलावर घेतलं होतं. त्या संध्याकाळी मात्र मुकाट्याने दोन बोटं लांबीचा लाल तुकडा काढला आणि जोडला. आठ वर्षं डोळ्यांसमोर दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं.

सकाळी हे साहेबांना आणायला स्कूटरवरून डोंबिवली स्टेशनवर गेले. तेवढ्यात मला आठवलं, चाकांना अजून हळदकुंकू फासलेलं आहे. खंडेनवमीला कारखान्यात प्रेसला हार पडतो, पॅनेलला गंध लागतं, मग विमानाने काय पाप केलं होतं? मीच तीनही चाकांची पूजा केली होती, नारळ फोडला होता आणि अक्षता वाहिल्या होत्या. त्याही उदार हाताने. सरकारी माणसासमोर हे नको म्हणून मी फडकं घेऊन पुसायला बसले.

डाव्या चाकापाशी फडकं अडकलं. आकड्याच्या खाचेत तांदळाचा एक दाणा होता. कुंकवाने लाल झालेला, नारळाच्या पाण्याने चिकटून दगड झालेला, रेशनचा जाड दाणा. आकडा त्याच्यावर येऊन टेकायचा आणि केसभर वरच राहायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळशातले तांदूळही माझेच! दिवा तीन आठवडे खरं सांगत होता की हे चाक पक्कं नाही. आणि त्या खरं बोलणाऱ्याचं तोंड मी काल बंद केलं होतं.

चाक नुसतं तेलाच्या भरवशावर उभं होतं. उतरताना दणका बसता तर ते दुमडलं असतं, आणि आत हे असते.

नखाने दाणा काढला, लाल तुकडा कापून टाकला, बटण दाबलं. चाक वर जाऊन पुन्हा खाली आलं, आकडा खट्‌कन बसला आणि दिवा आपला आपण लागला. बाहेर स्कूटरचा आवाज आला. ह्यांना सांगायला सवडच मिळाली नाही.

साहेब चहा नाकारून थेट विमानात जाऊन बसले, दिव्यांसमोर. हे पंखाखाली चाकापाशी, मी बॅटरीपाशी. चाकं दहा वेळा वर गेली, दहा वेळा खाली आली. "तिन्ही हिरवे," साहेब दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी ह्यांचा चेहरा आणखी पडायचा. मी खुणा करत होते, पण हे माझ्याकडे बघतील तर शपथ.

साहेबांनी बाहेर येऊन कागदावर सही करायला पेन उघडलं.

"साहेब, थांबा," हे म्हणाले. "तो डावा दिवा खोटा आहे. आम्ही डायरेक्ट केलाय. माझ्या सांगण्यावरून. हिचा काही दोष नाही."

"नाही हो, साहेब!" मी जवळजवळ किंचाळले. "मी सकाळीच काढलं ते. तांदूळ होता!"

साहेबांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. मी खिशातून दाणा काढून दाखवला. त्यांनी तो माझ्याच हाताने परत खाचेत ठेवायला लावला आणि बटण दाबलं, दिवा लागला नाही. दाणा काढला, लागला. मग स्विचच्या टोकांवर स्वतः टॉर्च मारून, वायरचा तुकडा कुठे नाही हे बघितलं आणि सही केली. "पूजा करा हो," जाताना म्हणाले, "पण अक्षता दाराबाहेर."

त्यांना स्टेशनवर सोडून हे परत आले. शेडला कुलूप घालून आम्ही स्कूटरवरून घरी निघालो, तेव्हा मी विचारलं, "मला न विचारता का सांगून टाकलंत? आठ वर्षं पाण्यात गेली असती."

"एकटा बसणार असतो तर गप्प राहिलो असतो गं," हे म्हणाले. "पण विमानाला सीट दोन आहेत."

"म्हणजे एकटे मरायला निघाला होतात?" मी भर शीळफाट्यावर स्कूटर थांबवायला लावली आणि ह्यांना इतकं झापलं, की मागचा ट्रकवाला हॉर्न द्यायचा विसरला. मग मागे बसले आणि घर येईपर्यंत रडले.