टाकीचं झाकण

जळगावच्या गॅरेजात मी बारा वर्षं नानांच्या हाताखाली काढली. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं सांगायचे. "गाडी बोलस," एवढंच म्हणायचे. एकोणीसशे सत्तर साल जवळ आलं तसे त्यांचे कान गेले. गिऱ्हाईक आधी ओरडून बोलायला लागलं, मग येईनासं झालं. शेवटी एकच गाडी उरली, सरकीचा व्यापार करणाऱ्या एका मारवाडी शेठजींची काळी विलायती मोटार. ती गेली की गॅरेजला कुलूप, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात शेठजींनी तक्रार केली, गाडीत पेट्रोलचा वास येतो. टाकीच्या झाकणातलं रबर कुजलं होतं. मी जुन्या ट्यूबची अख्खी चकती कापून आत घट्ट बसवली. वास गेला, शेठजी खूश, मी त्याहून खूश.

आठवड्याभरात दुसरंच सुरू झालं. धुळ्याच्या रस्त्याला एरंडोल मागं पडलं की गाडी आचके द्यायची आणि बंद. थोडं थांबलं की पुन्हा चालू. गॅरेजात मात्र शहाण्यासारखी वागायची. या लपंडावानं आमच्या नाकी नऊ आणले. कार्ब्युरेटर तीनदा खोलला, जेट फुंकले, नळी बदलली. मग सगळे म्हणतात तेच आम्हीही म्हणालो, उन्हानं पेट्रोलची वाफ होते, आणि इंजिनाजवळच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलं.

गाडी चालवून बघायला नाना स्वतः सोबत यायचे. ती थांबली की आधी मागं जायचे. पेट्रोलच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. झाकण काढून, बांबूची कामटी टाकीत बुडवून पेट्रोल बघायचे. तेवढ्यात मी पुढं फडकं भिजवायचो. मग गाडी सुरू व्हायची आणि आम्ही दोघं त्या फडक्याकडं कौतुकानं बघायचो.

लग्नाला निघालेल्या बायकामाणसांसह शेठजी पारोळ्यापाशी अडकले, तेव्हा मात्र संपलं. त्यांनी आवाजही चढवला नाही. गाडी धुळ्यात विकली, तेवढी पोचवा, म्हणाले. नाना स्टुलावरून उठले नाहीत.

मी एकटा निघालो. एरंडोलपुढं ती बंद पडली. कामटी घेऊन या वेळी मीच मागं गेलो. झाकण फिरवलं तशी टाकीनं सूं करून हवा आत ओढली, चांगली मोठ्यानं. मी झाकण उलटं करून बघितलं. हवेसाठी झाकणाला बारीक भोक असतं, ते माझ्या चकतीनं बुजलं होतं. हवा नाही म्हणून पेट्रोल पुढं सरकत नव्हतं. दर वेळी झाकण काढून नानाच गाडी बरी करत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मी चकतीला भोक पाडलं. धुळ्यापर्यंत ती कुरकुरली नाही. नव्या मालकाच्या हातात किल्ली दिली आणि एसटीनं परत आलो.

नाना पाने-पकडी पोत्यात भरत होते. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, टाकीत हवा जात नव्हती, झाकण काढलं की ओढून घ्यायची.

"आवाज ऊना का?" त्यांनी विचारलं.

आला, मोठा आला, मी म्हणालो.

ते हातातल्या पान्याकडं बघत राहिले. "मंग ती बोलत व्हती," म्हणाले. "मालेच ऐकू नही ऊनं."

रबर मी कापलं होतं, मी म्हणालो. या वेळी माझा आवाज चढेना. त्यांनी कानामागं हात धरला.

"काही नाही," मी ओरडलो, आणि पोत्याचं तोंड धरलं.