मी मागाहून खोललेले सायलेन्सर

श्री. रामनाथ च्यारी यांची आणि माझी ओळख एका चढणीमुळे झाली. मी गोव्यातल्या पाळी गावचा. खाणी चालू होत्या तोवर खनिजाचा ट्रक चालवला. त्या बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी स्कूटरवरून पाव विकायला लागलो. मागे पावाची भली मोठी टोपली, पुढे पायाशी पिशव्या. वाटेत एक चढण अशी होती की तिथे स्कूटर हमखास मान टाकायची आणि मी खाली उतरून ती ढकलत न्यायचो. कोणीतरी म्हणालं, डिचोलीला च्यारींकडे जा, ते कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा बसवून देतात, गाडी ओढते. गेलो. रामनाथबाबांनी स्कूटरकडे न बघता आधी मला विचारलं, "तुका आवाज जाय काय ओढ जाय? दोनय मेळचा नाय."

मी म्हटलं, ओढ हवी. तेव्हा कुठे त्यांनी पाना हातात घेतला.

बाबही, आम्ही त्यांना आदराने असंच म्हणतो, खाणींच्याच जिवावर जगलेले. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रकांचे फुटके सायलेन्सर वेल्डिंग करण्यात घालवली. ट्रक थांबले तसे त्यांचेही हात थांबले. मग ते या छोट्या स्कूटरांकडे वळले. पाइप स्वतः वाकवायचा, आतली जाळी स्वतः करायची, आणि नुसता सायलेन्सर बदलून मोकळं व्हायचं नाही. नव्या सायलेन्सरमधून धूर मोकळा सुटतो, म्हणून इंजिनाला पेट्रोलही त्या मापाने द्यावं लागतं, नाहीतर गाडी तापते आणि फटफट करते. हे माप ते कानाने काढायचे. गाडी चालू करून मागे उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे, एका कानात बोट घालायचे आणि दुसऱ्या कानाने ऐकत राहायचे. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. समोरचा चहावालासुद्धा आपला रेडिओ बंद करायचा, आणि गिऱ्हाईक नवीन असेल तर त्याला दटावायचा. इंजिन आणि पाइप जुळतात तिथून केसाएवढी हवा सुटत असली तरी बाबांना ती ऐकू यायची. आणि शेवटची चाचणी रिकाम्या गाडीवर कधीच नाही. माझ्या स्कूटरवर त्यांनी पावाची भरलेली टोपली बांधायला लावली, स्वतः ती चढण चढून आले, परत खोललं, परत गेले. तिसऱ्या खेपेला आले तेव्हा किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता वच."

त्यानंतर मी या ना त्या निमित्ताने तिथे जाऊ लागलो. दुपारी पाव विकून झाले की हात मोकळेच असायचे. वर्षभराने त्यांनी मला एक पाना दिला आणि मी त्यांचा शिष्य झालो. आमच्याकडे दीक्षेचा विधी एवढाच.

त्यांच्या तत्त्वाची एक गोष्ट सांगतो. एकदा पेडण्याहून चार तरुण आले. जत्रा तोंडावर आली होती आणि त्यांना सायलेन्सरमधली जाळी काढून हवी होती, म्हणजे गाडी गावभर ऐकू जाईल. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्या वाड्यार कोण दुयेंत नाय? कोणाच्या घरात बाळंतीण नाय?" त्यातला एक खाली मान घालून म्हणाला, आजी आजारी आहे. बाबांनी चारही गाड्यांच्या जाळ्या नीट साफ करून परत बसवून दिल्या. पोरं हिरमुसली होऊन गेली, पण त्यातला तो आजीवाला अजून आमच्याकडेच येतो.

आणि मायेची एक. माझी बायको आठ दिवस इस्पितळात होती. मी तिच्यापाशी. पावाची गिऱ्हाइकं दोन दिवस वाट बघतात, तिसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जातात, हे बाबांना कोणी सांगायला नको होतं. आठही दिवस पहाटे ते माझी स्कूटर घेऊन पाळीला फिरले. मला पत्ता नव्हता. घरी आलो तेव्हा वाड्यावरच्या बायकांनी तक्रारींचा पाढा वाचला. कोंड्याची पोई हवी त्यांना कडक उंडे दिले, उंडे हवे त्यांना पोई, आणि भोंपू असा वाजवला की कोणाला वाटलं मासेवाला आला. पण एकही घर तुटलं नव्हतं. मी आभार मानायला गेलो तर त्यांनी कामाचं काहीतरी काढून विषय बदलला.

इथपर्यंत लिहायला सोपं होतं. बाबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडून एवढंच मागितलं आहे. पण साठीच्या समारंभात जी भाषणं होतील ती बाबांना ऐकू येणार नाहीत, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. छापलेलं मात्र ते वाचतील. म्हणून जे तोंडाने सांगायचं राहिलं ते इथे लिहितो.

अडीच वर्षांपूर्वी एका नर्सबाईंच्या गाडीवर बाबांनी सायलेन्सर बसवला, नेहमीसारखं डोळे मिटून ऐकलं आणि मला म्हणाले, फेरी मारून ये. मी पुढे गेलो आणि मला स्पष्ट ऐकू आलं, पाइपाच्या जोडाशी हवा सुटत होती. साखळी गावाच्या रस्त्यावरच्या वळणावर थांबलो, तिथल्या एका गॅरेजातून पाना आणि जोडाची गास्केट मागून घेतली, ते खोलून गास्केट बदलली, परत बसवलं. येऊन सांगितलं, "बरी चलता."

तिथे माझी चूक झाली. मला वाटलं, एखाद्या दिवशी होतं असं कोणाचंही. पण पुढच्या आठवड्यात परत तेच, मग परत. ट्रकांच्या आणि ग्राइंडरच्या आवाजात काढलेली वर्षं त्यांच्या कानातून वसूल होत होती. फेरीला निघताना मी पाने आणि गास्केटी त्या गाडीच्या डिकीत टाकायला लागलो. प्रत्येक गाडीची फेरी मीच मारायचो, वळणावर थांबायचो, दुरुस्त करायचो आणि येऊन म्हणायचो, बरी चलता. दोन वर्षं. चहावाल्याला माहीत होतं, आसपासच्या गॅरेजवाल्यांना माहीत होतं. सगळे मला म्हणायचे, तू फार चांगलं करतोस, म्हाताऱ्याचा मान राखतोस. मलाही ते आवडायचं. खरं सांगायचं तर माझा हात आता त्यांच्याहून चांगला चालतो, हेही मला आवडायचं.

मग एक दिवस साखळीचे एक मास्तर आले, त्यांच्या गाडीच्या फेरीला ते माझ्या मागे बसले होते. पेढे घेऊन आले होते. बाबांशी सगळे मोठ्याने बोलतात तसे मोठ्याने म्हणाले, "तुमच्या ह्या माणसान वळणार थांबून परत खोलून बसयली ना, त्या दिवसापसून गाडी काय चलता म्हणून सांगू."

बाबांनी पेढा घेतला. मास्तरांना रस्त्यापर्यंत पोचवून आले. मग मला जवळ बोलावून विचारलं, "किती दिवस करतस ह्या?"

मी सांगितलं. वाटलं, रागावतील. ते आपल्या उजव्या तळव्याकडे बघत राहिले.

"कान गेले त्या माका कळला होता," ते म्हणाले. "म्हणून हातान शिकत होतंय. सायलेन्सराच्या तोंडार तळवो धरलो की धूर कसो मारता त्या कळता. असो लागलो तर बरी, तसो लागलो तर वायट. तू फेरी मारून येस, बरी म्हणस, म्हणजे हात बरोबर सांगता असा मी समजत होतंय." आणि तळवा मिटत म्हणाले, "माका सांगूक जाय होता रे."

एक माणूस कान गेल्यावर तक्रार न करता, कोणाला न सांगता, हाताने परत पहिल्यापासून शिकत होता. आणि त्याला तपासून सांगणारा मी एकटा, तो दोन वर्षं त्याच्या प्रत्येक चुकीला बरोबर म्हणत होतो. तो हात शिकला ते सगळं खोटं शिकला. मान राखतो म्हणून मी मिरवत होतो, आणि त्यांच्याकडे उरलेलं एकच साधन मीच बिघडवून ठेवलं.

त्याला सात महिने झाले. शैलावयनी, म्हणजे बाबांच्या पत्नी, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कानाला यंत्र मिळालं, पण त्यात माणसांचं बोलणं आणि इंजिन एकच होऊन जातं. बाब रोज सकाळी गॅरेजवर येतात, बाकावर बसतात, गिऱ्हाइकाची चौकशी करतात. पाना हातात घेत नाहीत. काम सगळं मी करतो आणि ते चांगलं होतं. वयनी मला एकदा म्हणाल्या, "घरात बसले तर निदान जेवतले तरी. थंय बसून येतत आनी जेवणाक तोंड लायनत नाय."

ग्रंथात शुभेच्छा द्यायची रीत आहे. रामनाथबाबांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे, पाठ आणि डोळे शाबूत राहोत, हे मी मनापासून मागतो. पण साठ म्हणजे काही फार वय नव्हे. पुढची वर्षं बाकावर बसून काढायला त्यांना आयुष्य मिळावं, असं मागायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून बाब, एक विनंती. समारंभ झाला की सोमवारी पेडण्याहून एक गाडी यायची आहे. ती तुम्ही बसवा. तळवा धरून बघा आणि काय वाटलं ते मला सांगा. फेरी मी मारीन, पण डिकीत पाना नसेल. बिघडलेली असेल तर तशीच परत आणीन आणि तुमच्यासमोर उभा राहून सांगेन की बिघडली आहे. मग तुम्ही परत खोला. दहादा खोलावी लागली तरी मी दहादा खरं सांगेन.