मरीआईचा गाडा आमच्या दारात

पटकीची साथ शेजारच्या रिठदकडून आमच्या गावात आली तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार ओढून न्यायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराचं. दुसऱ्यानं दोराला हात लावला तर देवी कोपते म्हणत. पण बापानं आदल्याच उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतला होता.

पाद्रीसाहेब अधूनमधून बैलगाडीनं येत आणि रोमच्या बादशहाच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांच्या गोष्टी सांगत. मूर्तीपुढं चिमूटभर धूप टाकला असता तर ते सुटले असते. टाकला नाही, सिंहापुढं गेले. बाप ऐकताना रडायचा. त्याला त्या लोकांचा हेवाच वाटत असावा. मला मात्र झोपेत सिंह दिसायचे.

गाडा दारात आला तेव्हा घरात माझा तान्हा भाऊ सकाळपासून ओकत होता. त्याचे डोळे खोल गेले होते. बाहेर लिंबं-बांगड्यांनी मढवलेला गाडा आणि मागं काठ्या घेतलेलं सारं गाव.

"वढ गाडा," पाटील ओरडले, "नाई तं उद्या या गावात दिसू नको."

"मी नाई वढत," बाप उंबऱ्यातून म्हणाला. "मारा, मारायचं असन तं."

"अवो, एक डाव वढा ना," आई मागून कळवळली. "पोरगं पाहा कसं करून राह्यलं. येशूले समजते सारं."

बापानं मागं वळूनही पाहिलं नाही. तेव्हा काठ्यांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. सिंहापुढं गेलेल्यांच्या घरी लेकरं होती की नव्हती, हे पाद्रीसाहेबांनी कधी सांगितलं नव्हतं.

आईनं भावाला माझ्या मांडीवर टाकलं, पदर खोचला, बापाच्या बाजूनं बाहेर निघाली आणि दोर खांद्यावर घेतला. बाईनं गाडा ओढल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पण अडला हरी! उगारलेल्या काठ्या खाली झाल्या आणि गाडा शिवेकडं निघाला.

भाऊ वाचला. पुढच्या खेपेला पाद्रीसाहेबांनी प्रभुभोजनाची भाकर सगळ्यांना दिली, आईला नाही. बापानं आपली भाकर खाल्ली.

त्यानंतर रोज दिवेलागणीला बाप डोळे मिटून, पोरगं वाचवल्याबद्दल येशूचे आभार मानायचा. आम्ही आमेन म्हणायचो. आई ओठ मिटून बसायची. बाप डोळे उघडून बघेल या धास्तीनं मी तिच्या वाटचं आमेनही मोठ्यानं म्हणून टाकायची.