बाबांनी निंदलेली हिरवळ

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बोरगाव मेघेला आमच्या घरापुढे दोन लुगडी वाळत पडतील एवढी जागा होती आणि तिथे मी हिरवळ लावली होती. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळ! शेजारणी म्हणायच्या, मास्तरीणबाईला वेड लागलं. म्हणेनात का. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, आंघोळीचं, सगळं पाणी मी तिकडेच वळवायची. विहीर तळाला जायची, पण माझी हरळी हिरवी राहायची. दिवस मावळला की तिच्यावर झारीनं पाणी शिंपडायचं, चपला काढायच्या आणि नुसतं उभं राहायचं. तळपायातून गारवा वर चढायचा, डोळे आपोआप मिटायचे. मग हिंगणीचं आमचं घर दिसायचं, शेत दिसायचं आणि धुऱ्याच्या बांधावरून चाललेले बाबा दिसायचे.

खरे बाबा मात्र यायचे नाहीत. मी माझ्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून चार वर्षं त्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता. माझ्याही नाकावर राग. आई निरोप धाडायची, तूच ये म्हणून. मी म्हणायची, आधी त्यांनी यावं. खाण तशी माती, दुसरं काय.

आणि त्या मे महिन्यात ते आले. डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, पिशवीत गावरान आंबे. वर्ध्याला काम होतं म्हणाले. संध्याकाळच्या एसटीनं परत जातो, हेही दारातच सांगून टाकलं. मी पन्हं दिलं. जेवताना आम्ही पावसापाण्याचं बोललो. राहा म्हणायचं ओठांवर होतं, पण तोंडातून निघेना.

दुपारी ह्यांची शाळेची कामं, घरात आम्ही दोघंच. कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, पडद्याआडचा मंद उजेड. मला झोप लागली. स्वप्नात मी निंदणाऱ्या बायांच्या मागे मागे चालत होते आणि खुरप्यांचा खर्र खर्र आवाज येत होता. जाग आली तरी तो थांबेना.

बाहेर आले. निंबाची सावली अंगणात उतरली होती. बाबा माझं खुरपं घेऊन उकिडवे बसले होते आणि हिरवळ नव्हती. उघडी माती, आणि कुंपणाशी मुळांसकट उपटलेल्या हरळीचा ढीग. शेतकऱ्याची सात जन्मांची वैरीण ती, कपाशीत शिरली की पीक खाते. लेकीच्या दारात माजलेली पाहून त्यांना राहवलं नाही.

"लय माजलीती," बाबा म्हणाले. "जावई नोकरीवाले, त्याईले काय जमते? मीच निंदून टाकली."

चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून हसत होते. माझं डोकं भणाणलं. पण एक शब्द गेला असता, तर ते पिशवी उचलून स्टँडवर गेले असते आणि पुन्हा आले नसते. मी राग गिळला. बरं केलं बाबा, म्हटलं, आणि रडायलाच लागले. काय करू, आवरलंच नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे, मग भिंतीजवळच्या झारीकडे.

"हे तूनं लावलीती?"

मी मान हलवली.

"काऊन?"

"हिच्यावर उभी राह्यली का मले आपलं घर दिसते, बाबा."

ते उठून ढिगाशी गेले. मग परत खाली बसले. ढिगातून एकेक मूळ सोडवायचं, खुरप्यानं माती उकरायची, मूळ खोचून अंगठ्यानं दाबायचं. ज्या हातांनी जन्मभर हरळी उपटली, ते हात हरळी लावत होते. मी मागून झारीनं पाणी घालत गेले. ऊन कलत गेलं. गाडीची वेळ झाली, तेव्हा मीच भीत भीत आठवण केली.

"ह्या उन्हात आज लावलेलं उद्या पाहा लागते," मातीवरची नजर न काढता बाबा म्हणाले. "माही खाट बाहेरच टाकजो."