शीतलला मी दिलेले पास

हे मी आईला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आमचे क्रीडाशिक्षक वारले तेव्हा मी त्यांच्या घरी दोन तास बसले, त्यांच्या बायकोनं दिलेला चहा प्यायले, त्यांच्या आठवणी काढून रडलेसुद्धा — आणि तेवढी एक आठवण सोडून बाकी सगळ्या सांगितल्या. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही, हे मी पुष्कळदा करून पाहिलंय.

मी बास्केटबॉल खेळायचे. पोटापाण्यासाठी खेळायचे, असं म्हटलं तरी चालेल. पुलगावची शाळा, मग नागपूरचं क्रीडा वसतिगृह, मग खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी, राज्याचा संघ, आणि शेवटी ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावच्या क्लबकडून दोन हंगाम. परत आले तेव्हा आमच्या नाचणगावात वेशीवर माझा फोटो असलेलं बॅनर लागलं होतं. मी त्याच्याखालून मान खाली घालून गेले. लोक म्हणाले, पोरगी किती साधी आहे, डोक्यात हवा गेली नाही. हवा कुठून जाणार? मला तो फोटो बघवत नव्हता.

माझी उंची पाच फूट तीन इंच. या खेळात ती काहीच नाही. मी टिकले ते एका गोष्टीवर — टप्पा पास. म्हणजे बॉल सरळ हवेतून न देता जमिनीवर एकदा आपटून द्यायचा. समोरच्या उंच मुलींच्या हाताखालून तो सरपटत जातो आणि आपल्या माणसाच्या कमरेशी वर येतो. तिकडच्या एका स्थानिक पेपरवाल्यानं विचारलं होतं, हा पास तू शिकलीस कुठे? मी सांगितलं, आमच्या गावाकडे मातीचं मैदान होतं, बॉल वेडावाकडा उसळायचा, त्यातून हात तयार झाला. त्यानं ते छापलं. त्यातलं मैदान तेवढं खरं आहे.

मुद्द्यावर यायला मला वेळ लागतोय, कळतंय मला.

आमच्या शाळेचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. चुन्याच्या रेघा मारून आम्ही खेळायचो. बास्केटखाली तर खड्डाच होता, तिथे बॉल पडला की कोणत्या दिशेला उडेल ते देवाला माहीत. म्हणून सरांचा पहिल्या दिवसापासून एकच नियम — "बॉल जमिनीले लागला का गेला. हवेतून द्या." आम्ही सगळं हवेतून द्यायचो. टप्पा पास आमच्या शाळेत कोणी देत नव्हतं आणि कोणी झेलतही नव्हतं. पुस्तकात असेल, पण आमच्याकडे नव्हता.

आणि शीतल. भाजीवाल्यांच्या घरातली, माझ्याच वर्गातली, नववीत असतानाच पावणेसहा फूट. मी बॉल आणायचा, ती बास्केटखाली उजवा हात वर करून उभी राहायची, मी त्या हातात बॉल ठेवायचा. ठेवायचा असंच म्हणते, कारण तिच्या हातातून काही सुटत नसे. मी नंतर कितीतरी मोठ्या खेळाडूंबरोबर खेळले, गोऱ्या, काळ्या, सहा फुटांच्या वरच्या. तिच्यासारखे खात्रीचे हात मी फार थोड्यांचे पाहिले.

दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात नागपूरच्या वसतिगृहाची निवड चाचणी होती. एका जिल्ह्यातून एकच मुलगी घेणार होते. सर आम्हा दोघींना घेऊन जाणार होते आणि म्हणाले होते, "कोणीबी गेली तरी आपलीच." पण जाणार कोण, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. उंची कोण सोडतं? शीतलच्या आईनं आढेवेढे घेत शेवटी हो म्हटलं होतं. वसतिगृहात लांब केस चालत नाहीत असं कोणीतरी सांगितलं, तर शीतलनं चाचणीच्या आदल्या दिवशी वेणी कापून टाकली. कमरेपर्यंत होती.

माझे मामा नाचणगाव रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये चौकीदार होते. कापसाचा हंगाम संपला की तिथलं सिमेंटचं आवार रिकामं पडायचं. चाचणीआधीचा महिनाभर मी रोज संध्याकाळी मामांचा डबा घेऊन जायचे आणि गोदामाच्या भिंतीवर टप्पा पास मारत बसायचे. नागपूरला लाकडी फरशी आहे, तिथे बॉल सरळ उसळतो, हे मला माहीत होतं. शीतल एकदा म्हणाली, "मी बी येऊ काय?" मी म्हटलं, "नको, मामा खेकसते." मामा आयुष्यात कोणावर खेकसले नाहीत.

इथपर्यंत चलाखी म्हणा. आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवलं नाही, एवढंच. मीही बरीच वर्षं तेवढ्यावरच थांबायचे. पण पुढे?

चाचणीत आम्हा दोघींना एकाच बाजूला घातलं. पहिल्याच मिनिटात शीतल बास्केटखाली मोकळी झाली. हात वर. तळवा उघडा. माझ्या आणि तिच्यामध्ये कोणीही नव्हतं — हे नीट लक्षात घ्या, कारण टप्पा पास द्यायचा तो मध्ये कोणी असेल तेव्हा. मी तिच्या हाताकडे पाहिलं आणि बॉल खाली आपटला.

तो तिच्या कमरेला लागून बाहेर गेला.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पुढच्या वेळी तिनं हात खाली धरले, तर बॉल वर येईपर्यंत तिचा अंदाज चुकला. तिसऱ्या वेळी बोटांना लागून सुटला. मी देतच राहिले. एकही पास चुकीचा नव्हता, हीच तर मेख. बाजूला बसलेले निवडकर्ते माझ्या पासांना मान डोलावत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "मुलगी उंच आहे, पण हात नाहीत." हळू बोलला नाही. शीतल तिथेच उभी होती.

सर? त्यांना दिसलं का? मला ठाऊक नाही. परतीला एसटीत बसताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एसटीत शीतल माझ्याच शेजारी. वाटेतलं सेलू गाव मागे पडलं. मग म्हणाली, "तू तं किती चांगले बॉल देऊन राह्यली होती. माह्येच हात खराब हायेत." तेव्हाही सांगता आलं असतं. सर पुढच्या बाकावर होते, दुसऱ्या दिवशी नागपूरला फोन झाला असता. मी म्हटलं, "होते असं कधी कधी." आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

जूनमध्ये मी वसतिगृहात गेले. शीतल शाळेत आली ती कापलेल्या केसांनी. पोरी विचारायच्या, काऊन कापले, आणि ती म्हणायची, उन्हाळा होता. मैदानावर ती पुन्हा उतरली नाही. सरांनी दोनदा घरी जाऊन पाहिलं.

तिचं लग्न तळेगाव श्यामजी पंत या गावी झालं. तिकडेही घरचा भाजीपालाच. गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका शाळेनं मला बोलावलं, नारळ-शाल दिली. ती कार्यक्रमाला आली होती, मागे उभी. "घरी येजो, तशीच नको जाऊ," म्हणाली. गेले. वावरात पत्ताकोबी भरणं चालू होतं. बांधापासून गाडीपर्यंत माणसं रांगेत उभी, आणि गड्डे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फेकत नेत होते — छातीच्या उंचीवर, हवेतून. शीतल रांगेत नव्हती. खाली बसून पानं छाटत होती. रांगेत एक माणूस कमी पडत होता, म्हणून मी सहज म्हटलं, तू ये ना.

तिची जाऊ हसली. "तिले नका घेऊ. तिच्याकडे काई फेकलं का खाली पडते. लग्न झाल्यापासून पाहून राह्यली मी."

शीतलही हसली. मनापासून हसली. हात पुसत म्हणाली, "खरंच हाय. माह्येच हात खराब. हिले विचारा ना, हिनं तं नागपूरले सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

सगळे माझ्याकडे वळले. हातातले गड्डे हातात धरून थांबले.

मी म्हटलं, हो.