कालथा नाकाशी नेणारी एस्पेरांसा

एस्पेरांसा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. नातवाचं रडणं ऐकवतेस, सून काय म्हणाली ते सांगतेस आणि ठेवून देतेस. म्हणून कागद घेतला. नाक रोज धुतेस की नाही, ते आधी कळव. पाणी उकळून गार केलेलंच घे. म्हापशाच्या नळाचं थेट नाकात घातलंस असं कळलं तर मी तिथे येऊन बोलेन. फवारा संपत आला असेल, नवा आणून ठेव. ते जुने थेंब मात्र दुकानदाराने फुकट दिले तरी घ्यायचे नाहीत. आता मुद्द्याचं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली होती. ती मी तुला

इथे विमलाबाईंचं पेन थांबलं. एकतीस वर्षं मालवणात विज्ञान शिकवलेली बाई, वाक्य अर्धं सोडणाऱ्या मुलाला तिने कधी बसू दिलं नव्हतं.

एस्पेरांसा मसाला भाजायची. एप्रिल-मे आला की घराघरांत वर्षाचा मालवणी मसाला व्हायचा आणि भाजायला तिलाच बोलावणं जायचं, हिंदूंच्या घरी तसंच किरिस्तांवांच्या घरीही. मिरची बाहेर वाळत असायची. धने, मिरी, लवंग, दगडफूल, जायपत्री, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. एस्पेरांसा चुलीशी पाटावर बसायची, कालथ्यावर चिमूटभर जिन्नस घेऊन नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि मान हलवायची. मान हलली की कढई खाली. त्या मान हलवण्यावर सबंध गल्लीचा विश्वास होता. नवऱ्याच्या, एडवर्डच्या, पश्चात मुलाला, सॅविओला, तिने त्याच कालथ्यावर शिकवलं.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ती विमलाबाईंच्या स्वयंपाकघरात हळकुंडं तळत होती. बाई पुढच्या खोलीतून तरातरा आत आल्या. तेल खवट होतं. डबा बाईंचाच, चूकही बाईंचीच, पण तो वास अंगणापर्यंत पोचला होता आणि एस्पेरांसा कढईवर वाकून कालथा नाकाशी नेत होती. डोळे मिटून तिने मान हलवली.

बाईंनी गॅस बंद केला. तुला हे कळलं नाही का, असं विचारलं. एस्पेरांसाने कालथा खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

"माका वास येना नाय, बाई. सात वर्सां झाली. कोणाक सांगू नकात."

सात वर्षं ती कानाने आणि डोळ्यांनी भाजत होती. धने तडतडायचे थांबले की उतरायचे, लवंग फुगली की उतरायची. मिरचीचा ठसका तिलाही बसायचा, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण ठसका म्हणजे झोंबणं, त्याची नस वेगळी, वासाची वेगळी, हे बाई आठवीच्या वर्गाला शिकवत आल्या होत्या. नाक कायम चोंदलेलं, रात्री तोंड उघडं, कपाळ जड. त्यावर उपाय म्हणून कमरेच्या पिशवीत थेंबांची बाटली. दिवसातून चारदा घालायची, घटकाभर मोकळं वाटायचं, मग आधीपेक्षा जास्त चोंदायचं. बाईंनी बाटली काढून घेतली आणि जूनमध्ये तिला कणकवलीला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर ऋता तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी बारीक दुर्बीण नाकात घालून आतलं सगळं पडद्यावर दाखवलं. ताडगोळ्याच्या गरासारखे फिकट, ओलसर कोंब दोन्ही बाजूंनी वाट अडवून बसले होते. मधला पडदा वाकडा होता. बाजूचं मांस फुगलेलं होतं, त्यात थेंबांचा वाटा मोठा. बाईंनी लगेच ऑपरेशनची तारीख मागितली. डॉक्टरांनी दिली नाही. आधी तीन महिने थेंब पूर्ण बंद, औषधाचा फवारा सुरू, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने नाक धुणं. तेवढ्याने भागलं तर कापायचं कशाला, असं त्या म्हणाल्या.

इथे एस्पेरांसाने एक उद्योग केला. मिठाचंच पाणी हवं ना, मग मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर इतका समुद्र कशाला आहे, म्हणून ती रोज सकाळी कळशीभर समुद्राचं पाणी आणून नाकात घालू लागली. लहानपणी सर्दी झाली की आई समुद्रात बुडवून काढायची, हे तिचं शास्त्र. पंधरा दिवसांत नाक आतून सोलपटलं. बाईंनी ती कळशी अंगणात उपडी केली आणि उकळलेल्या पाण्यात मीठ किती घालायचं ते मोजून दाखवलं. तेव्हापासून रोज सकाळी त्या समोर उभ्या राहून नाक धुवून घ्यायच्या. एस्पेरांसा म्हणायची, शाळा सुटली तरी बाईंची छडी काही सुटली नाही.

ऑक्टोबरात कपाळाचं जडपण थोडं कमी होतं. मांसाची सूज उतरली होती. कोंब तसेच. स्कॅन झाला आणि मग डॉक्टरांनी काय काय करता येतं ते मांडलं. वाकडा पडदा सरळ करता येतो. फुगलेलं मांस सुईने शेक देऊन आक्रसवता येतं, पण आता त्याची गरज उरली नव्हती. ज्यांचं नाक सारखं गळतं त्यांची मागची एक नस गोठवूनही बंद करतात. एस्पेरांसाचा तो आजार नव्हता. तिच्यासाठी दुर्बिणीतून कोंब काढायचे, सायनसच्या वाटा मोकळ्या करायच्या आणि त्याच वेळी पडदा सरळ करायचा, एवढं पुरेसं होतं. एस्पेरांसा शेजारच्या खोलीत तपासणीसाठी रक्त द्यायला गेली तेव्हा डॉक्टर बाईंकडे वळल्या. श्वास मोकळा होईल, याची त्यांना बरीच खात्री होती. कोंब पुन्हा येऊ शकतात, धुणं आणि फवारा सुटणार नाही. आणि सात वर्षं झाली आहेत, वास परत येईलच असं नाही. हे सगळं त्यांना नीट समजावून सांगा, कागदावरही लिहिलेलं आहे, असं त्या म्हणाल्या.

कागद इंग्रजी होता. बाईंनी तो बाकावर बसून एस्पेरांसाला मालवणीत वाचून दाखवला. रक्त येऊ शकतं हे सांगितलं, भूल सांगितली, कोंबांचं सांगितलं. एस्पेरांसा सगळं ऐकून घेत होती. तिचा प्रश्न एकच होता.

"वास येतलो मां?"

बाईंना तिचा स्वभाव माहीत होता. नाही म्हटलं असतं तर ती उठून बसस्टँडवर गेली असती आणि उरलेला जन्म तोंड उघडं टाकून झोपली असती. "येईल गो. जाईल कुठे," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने डॉक्टरांनी सगळं समजलं ना, असं विचारलं. एस्पेरांसाने बाईंकडे बघितलं, मान हलवली आणि शाळेत नन्सनी घोटवलेल्या वळणदार अक्षरात सही केली.

ऑपरेशन छान झालं. बोळे काढल्यावर तिने पहिला श्वास घेतला आणि नाकातून वारो गेलो, वारो गेलो, म्हणून नर्सचा हात धरला. घरी तोंड मिटून झोपू लागली. कपाळ हलकं झालं. वास मात्र आला नाही.

मार्चमध्ये तिने बाईंना एक काम सांगितलं. बाईंची बहीण सावित्री वेंगुर्ल्याला असते, तिच्याकडे जाणं-येणं असायचंच. येताना सुरंगीच्या फुलांचा वळेसर आणा, केसांत माळायला, ती म्हणाली. एडवर्ड दरवर्षी आणायचा, पानात गुंडाळून. दार उघडायच्या आधी कळायचं की तो आला. सुरंगीचा आला तर सगळ्याचा येईल.

पहिल्यांदा बाईंनी सांगितलं की बाजार उठला होता. दुसऱ्यांदा बस सुटत होती. तिसऱ्यांदा त्या फुलवालीसमोर उभ्या राहिल्या, तिने वळेसर पुढे केला, तो घमघमाट अंगावर आला आणि बाई नको म्हणून निघाल्या. तोंडावर बोलणारी बाई म्हणून सगळा गाव त्यांना वचकून असतो. एस्पेरांसा ती फुलं नाकाशी नेईल, डोळे मिटेल आणि आपल्याकडे बघेल, एवढ्या एका गोष्टीला त्या भ्यायल्या.

एप्रिलमध्ये एस्पेरांसा नेहमीप्रमाणे मसाले भाजायला गेली. या वेळी कालथा नाकाशी नेला नाही. घरोघरी तिने सांगून टाकलं, वास येत नाही, कानाने भाजते, पटत असेल तर भाजते. एकाही घराने तिला परत पाठवलं नाही. 

मे महिन्यात सॅविओ तिला म्हापशाला न्यायला आला. सून बाळंत झाली होती. बाई स्टँडवर गेल्या, फवाऱ्याच्या दोन बाटल्या पिशवीत घातल्या, सूचना दिल्या. बसमध्ये चढता चढता एस्पेरांसा वळली.

"वळेसर मालवणच्या बाजारात पण गावता, बाई. पण माका तुमच्या हाताचो होयो होतो."

बस गेली.

बाईंनी पेन उचललं आणि अर्धं वाक्य पुरं केलं: ती मी तुला सांगितली नाही. वास परत येईलच असं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. पुढची ओळ वळेसर मुद्दाम न आणल्याची होती. ती त्यांनी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. सुरंगीचा बहर कधीच सरला होता. होता तेव्हा तीन वेळा वेंगुर्ल्याला जाऊन त्या रिकाम्या हातांनी आल्या होत्या.